चालायला सुरुवात: दम आधी तयार होतो, पाय मागून

नव्यानं चालायला लागलं की पहिले आठ-दहा दिवस धाप लागते. पंधरा दिवसांत तोच रस्ता सोपा वाटू लागतो, हुरूप येतो आणि माणूस वीस मिनिटांवरून एकदम तासावर जातो. मग एका सकाळी अंथरुणातून उठून पाय जमिनीला टेकवताच टाचेत कळ येते, किंवा नडगी ठणकू लागते. चालणं बंद पडतं. पुन्हा सुरू करायला सहा महिने जातात.

याचं कारण शरीराच्या बांधणीत आहे. नियमित हालचाल सुरू झाली की रक्तातला द्रवभाग काही दिवसांतच वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि स्नायूही दोन-तीन आठवड्यांत सरावतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना मात्र रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्या सावकाश घट्ट होतात. हाडांचं तर आणखी वेगळं आहे. नवा भार पडला की हाड आधी आपला जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवं भरतं. काढण्याचं काम तीन-एक आठवड्यांत होतं, भरायला तीन-एक महिने लागतात. म्हणजे दम वाढलेला असतो नेमक्या त्याच दिवसांत हाड तात्पुरतं नाजूक असतं. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरनं १८५५ मध्ये सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली होती. क्ष-किरणांचा शोध १८९५ मधला, त्यामुळे त्या वेळी आतलं काही दिसणं शक्य नव्हतं. पुढे कळलं की अशा पावलांतल्या लांब हाडांना बारीक चीर गेलेली असते. सैनिकांच्या कूच करण्यावरून (मार्च) तिला आजही मार्च फ्रॅक्चर म्हणतात. तरुण, धडधाकट सैनिकांना जे चालण्यातून होतं, ते वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या माणसालाही होऊ शकतं.

म्हणून या लेखातली सगळी मापं पायांच्या वेगानं ठरवली आहेत, दमाच्या नाही. सुरुवातीचे आकडे तुम्हाला फारच लहान वाटतील. ते तसेच राहू द्या.

आधी कोणी डॉक्टरांना विचारावं

सावकाश चालणं बहुतेकांना तपासणीशिवाय सुरू करता येतं. पण हृदयविकार असेल, चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब किंवा दुखणं जाणवत असेल, चक्कर येऊन पडला असाल, रक्तदाब औषध घेऊनही चढाच राहत असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपणात काही गुंतागुंत सांगितली असेल, तर आधी विचारून घ्या.

मधुमेहींसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर चालताना साखर एकदम उतरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा, आणि हात थरथरणं, थंड घाम, अचानक भूक यांपैकी काही जाणवलं की थांबून लगेच खा. दुसरं, पावलांची संवेदना कमी झाली असेल तर बुटात खडा गेलेलाही कळत नाही. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून बघा आणि घरी आल्यावर रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासा. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघता येतो.

बूट

चालायला लागतं ते एवढंच, म्हणून निवडताना घाई नको. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पावलं थोडी सुजतात आणि चालतानाही तशीच सुजतात. जे मोजे घालून चालणार आहात तेच घालून बूट घालून बघा, आणि दोन्ही पायांत घाला. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मोठं असणं नेहमीचंच आहे, माप मोठ्या पावलाचं घ्यायचं. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. काही जणांचं अंगठ्याशेजारचं बोट जास्त लांब असतं, ते धरून मोजा. ही जागा नसेल तर उतारावर बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात.

मग बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्यापाशी, म्हणजे जिथे बोटं सुरू होतात तिथे वाकायला हवा. मधोमध दुमडत असेल तर ठेवून द्या. टाचेमागची भिंत अंगठ्यानं दाबली तर सहज चेपता कामा नये. चालताना टाच आत वरखाली सरकत असेल तर नाडी सर्वांत वरच्या भोकातून ओवून बघा. बूट बरोबर असेल तर तेवढ्यानं भागतं. “घालून घालून सैल होईल” यावर विसंबून घट्ट बूट घेऊ नका. पहिल्याच दिवशी दुकानात चावणारा बूट रस्त्यावर जास्तच चावतो.

मोज्यांकडे कोणी लक्ष देत नाही, पण फोड येतात ते बहुधा त्यांच्यामुळे. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी मऊ पडते आणि घासून फोड उठतो. घाम बाहेर टाकणारे कृत्रिम धाग्याचे किंवा पातळ लोकरीचे मोजे घ्या, शिवण बोटांवर येणार नाही असे.

बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. आठवड्याला पाच दिवस अर्धा तास, ताशी पाच किलोमीटरनं चाललात तर आठवड्याचे साडेबारा किलोमीटर होतात, म्हणजे ४० ते ६४ आठवडे. वरून बूट नवा दिसतो, तळातला मऊ फोम मात्र दबलेला असतो. टेबलावर ठेवून मागून बघा. एका बाजूला कललेला दिसला तर बदला. काहीही न बदलता गुडघे किंवा टाचा दुखायला लागल्या, तर आधी बुटाचं वय मोजा.

किती चालायचं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम दमाच्या हालचालीची १५० ते ३०० मिनिटं सांगितली आहेत. आपण नवव्या आठवड्यात १५० ला पोचणार आहोत. जुन्या मार्गदर्शनात एका वेळी किमान दहा मिनिटं हवीत अशी अट होती, ती आता नाही. त्यामुळे दिवसाचा वाटा सकाळ-संध्याकाळ तोडून चाललात तरी चालतं. सुरुवातीला तर पायांना ते बरंच.

आठवड्यातले पाच दिवस, असे:

- पहिला आठवडा: रोज १० मिनिटं
- दुसरा: १२ मिनिटं
- तिसरा आणि चौथा: १५ मिनिटं
- पाचवा आणि सहावा: २० मिनिटं
- सातवा आणि आठवा: २५ मिनिटं
- नववा: ३० मिनिटं

तिसऱ्या आठवड्याचंच माप चौथ्यात पुन्हा आलंय, कारण हाडं नाजूक असण्याचे दिवस हेच. नेमका याच वेळी जास्त चालायचा मोह होतो. अंगात फारच उत्साह असेल तर तो खुर्चीतून हातांचा आधार न घेता आठ-दहा वेळा उठण्या-बसण्यात घालवा, मांड्यांना बळ येईल आणि पावलांवर भार वाढणार नाही. सुट्टीचे दोन दिवस सलग घेऊ नका, आठवड्यात विभागून घ्या.

रोजच्या वेळेतली पहिली दोन-तीन मिनिटं रमतगमत चाला आणि शेवटची दोनही तशीच. निघण्यापूर्वी ताण देऊन उभं राहण्याची गरज नाही. सावकाश चालणं हीच चालण्याची पूर्वतयारी. पोटऱ्यांना ताण द्यायचा तो परत आल्यावर, स्नायू गरम असताना: भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला, गुडघा सरळ, २०-३० सेकंद. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेवढाच वेळ, कारण पोटरीचा आतला स्नायू गुडघा वाकल्यावर जास्त नीट ताणला जातो. दुसरा पायही तसाच.

दहा मिनिटंही जड जात असतील तर पाचपासून सुरू करा, प्रत्येक पायरीला दोन आठवडे द्या. उलट, दहा मिनिटं हास्यास्पद वाटत असतील कारण तुम्ही कामानिमित्त रोज बरंच चालता, तर तुमची पायरी पंधरा किंवा वीसची. ठरवायचं कसं? चालल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उतरून पहिली दहा पावलं टाका. नेहमीपेक्षा जास्त ताठरलं किंवा दुखलं तर कालचं माप जास्त झालं. चालताना कसं वाटलं यापेक्षा ही सकाळची दहा पावलं खरं सांगतात.

दहा हजार पावलांचं काय, असा प्रश्न येतोच. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे पसरला. त्याचं नाव मानपो-केई, अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’. आकडा गोल आणि लक्षात राहणारा होता. तेवढी पावलं चालणाऱ्याला फायदा होतोच, पण नवशिक्यासाठी ती रेषा नाही. फोनमध्ये पावलं दिसत असतील तर आठवडाभर नेहमीसारखं वागून स्वतःचा रोजचा आकडा काढा आणि त्यात हजार-दीड हजारच मिळवा. दहा मिनिटांच्या चालण्यात साधारण तेवढीच पावलं होतात.

वेग आणि ढब

पहिले चार आठवडे वेगाचा विचार करू नका. पाचव्यापासून मधल्या वेळात थोडा जोर लावा. मध्यम दम ओळखायची साधी खूण: पूर्ण वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. गाणं म्हणता येतंय तर जरा झपाझप चाला, आणि बोलताना दर दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागत असेल तर हळू व्हा. एकटे असाल तर १५ सेकंद पावलं मोजा. २५ भरली तर मिनिटाला १०० झाली, आणि बहुतेक प्रौढांसाठी मध्यम वेग तिथून सुरू होतो. हृदयाचे ठोके मंद ठेवणारी औषधं चालू असतील तर घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका, बोलण्याच्या खुणेवरच राहा.

वेग वाढवताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. पाऊल लांब टाकतात. लांब पाऊल पडलं की टाच शरीराच्या बरीच पुढे आपटते, गुडघा सरळ ताठ असतो आणि धक्का थेट वर जातो. शिवाय प्रत्येक पाऊल थोडा ब्रेक लावतं, म्हणजे जोर जातो आणि वेग वाढतही नाही. वेग हवा तर पावलं आखूड ठेवून जास्त टाका, आणि मागच्या पायाच्या अंगठ्यानं जमिनीला ढकला. हात खांद्यातून हलू द्या, कोपर साधारण काटकोनात. हातांचा ताल वाढवला की पाय आपोआप त्यामागे येतात. नजर चार-पाच मीटर पुढे. फोनकडे मान घालून चाललं की मान-खांदे आखडतात आणि ठेच लागते.

चालून आल्यावर बोटं फुगलेली, अंगठी घट्ट झालेली वाटते. हात सतत खाली लोंबकळत राहिल्यानं बहुतेक वेळा असं होतं. मधूनमधून मुठी उघडझाप करा. हातात बाटली किंवा फोन गच्च धरून चालू नका, एकाच बाजूचा खांदा वर राहतो. उन्हाळा नसेल तर अर्ध्या तासासाठी बाटली लागतही नाही, निघण्यापूर्वी पाणी प्यालात की पुरे.

रस्ता आणि वेळ

पहिले दोन महिने सपाट, पायाखालचा रस्ता निवडा. वाळू किंवा ढेकळांची जमीन मऊ असते म्हणून बरी, असं वाटतं. पण टाच आत रुतली की पोटरी आणि तळव्याला जास्त ओढावं लागतं. दाबलेली मातीची वाट सर्वांत चांगली, त्यानंतर डांबर, मग काँक्रीट. गाडीरस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते केलेले असतात. रोज एकाच कडेनं चाललं तर एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो आणि त्याच बाजूचा घोटा, गुडघा किंवा खुबा कुरकुरतो. पदपथ नसेल तर वाहनं समोरून दिसतील अशा बाजूनं चाला आणि अंधारात फिकट किंवा चमकणारे कपडे घाला. सुरक्षिततेपुढे उताराची काळजी दुय्यम, उताराचा त्रास रस्ता बदलूनही टळतो.

सुरुवातीला गोल फेरीपेक्षा जाऊन-येऊनचा मार्ग बरा. पाच मिनिटं जा, वळा, परत या. अर्ध्यावर पाय दुखला तरी घर पाच मिनिटांपेक्षा दूर नसतं.

ट्रेडमिलवर चालत असाल तर दांडा सोडा. धरून चाललं की भार हातांवर जातो, पाठ वाकते आणि पडद्यावरचा वेग पायांचा खरा वेग राहत नाही. तोल जाईल अशी भीती वाटत असेल तर वेग कमी करा, दांडा न धरता चालता येईल इतका.

सकाळ चांगली की संध्याकाळ, यावर वेळ घालवू नका. तुमच्या दिवसात जी वेळ कोणी हिरावून घेत नाही ती चांगली. ‘सात वाजता’ असं ठरवण्यापेक्षा रोज होणाऱ्याच एखाद्या कामाला चालणं बांधा: दात घासले की बूट, मुलांना सोडलं की फेरी, कामावरून आल्यावर बसण्याआधी. शेवटचं विशेष महत्त्वाचं. एकदा बसलं की उठवत नाही. भरपेट जेवणानंतर झपाझप चालायला तास-दीड तास जाऊ द्या. जेवणानंतर लगेच दहा मिनिटं सावकाश चालणं मात्र पोटाला त्रास देत नाही, आणि जेवणानंतर रक्तातली साखर जी चढते ती त्यानं कमी चढते.

दुखलं तर

सरावाचं दुखणं दोन्ही पायांत असतं, मोठ्या भागात पसरलेलं, चालायला लागल्यावर कमी होणारं आणि दोन-तीन दिवसांत जाणारं. इजेचं दुखणं एका बाजूला असतं, बोट ठेवून दाखवता येतं आणि चालत राहिलं की वाढतं. पहिल्या प्रकारात दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल तर हळू चालायला हरकत नाही. दुसऱ्या प्रकारात थांबा.

नडगीच्या पुढच्या बाहेरच्या बाजूला जळजळ होते ती बहुधा वेग एकदम वाढवल्यानं किंवा पाऊल लांब टाकल्यानं. पावलाचा चवडा वर उचलून धरणारा स्नायू थकलेला असतो. एक पायरी खाली उतरा, पावलं आखूड करा. बसल्या बसल्या टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर उचलण्याचा व्यायाम दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा वेळा करा. पण नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत दाबून दुखत असेल आणि रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणकत असेल, किंवा पावलाच्या वरच्या भागावर तसं दुखून सूज असेल, तर चालणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. मार्च फ्रॅक्चरची सुरुवात अशीच असते आणि पहिल्या दिवसांतला एक्स-रे स्वच्छही येऊ शकतो, त्यामुळे ‘एक्स-रेत काही नाही’ म्हणून पुन्हा चालायला लागू नका.

टाचेखाली सकाळच्या पहिल्या पावलांना कळ आणि थोडं चालल्यावर आराम, हे तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं. अनवाणी फरशीवर फिरणं बंद करा, पोटऱ्यांचा वर सांगितलेला ताण दिवसातून दोन-तीनदा द्या. अंथरुणातून उतरण्यापूर्वी पावलाची बोटं हातानं आपल्याकडे ओढून अर्धा मिनिट धरा. हे दुखणं आठवड्यात जात नाही, महिने घेतं. तोवर चालणं अर्ध्यावर आणा, पूर्ण सोडायची गरज सहसा पडत नाही.

फोड लहान असेल तर फोडू नका, वरून पट्टी लावा. बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करून खोल, सावकाश श्वास सोडा, मिनिटभरात जाते.

आणि या गोष्टी झाल्या तर चालणं तिथेच थांबवायचं: छातीत दाब किंवा जडपणा, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणं, न पेलणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड. बसा, आणि पाच-एक मिनिटांत पूर्ण ओसरलं नाही तर रुग्णवाहिका बोलवा, चालत घरी जाऊ नका. ओसरलं तरी त्याच दिवशी दाखवा. ठराविक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो आणि उभं राहिलं की जातो, असं रोज होत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. आणि एकच पोटरी सुजून गरम, दुखरी झाली तर ती चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खाडा पडला तर

दोन-तीन दिवस गेले तर होतात त्याच पायरीवरून पुढे. आठवडा गेला तर एक पायरी मागे, पंधरा दिवस गेले तर दोन. ताप येऊन गेला असेल तर तो पूर्ण उतरल्यावर, नेहमीच्या निम्म्या वेळानं सुरू करा. बुडालेली मिनिटं रविवारी एकदम भरून काढू नका. चालणाऱ्यांच्या इजांमागे अशी भरपाई बऱ्याचदा सापडते.

अगदीच जिवावर आलं त्या दिवशी बूट घालून पाच मिनिटं चालून या आणि कॅलेंडरवर खूण करा. ती पाच मिनिटं पायांसाठी नसतात, सवयीसाठी असतात, आणि पूर्ण दिवसाइतकीच मोजावीत.

वजनकाट्याला मात्र पहिले तीन महिने प्रगतीचं माप बनवू नका. साठ-पासष्ट किलोच्या माणसाचे अर्ध्या तासाच्या चालण्यात शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात, तेवढ्यानं काटा पटकन हलत नाही आणि मन खट्टू होतं. त्यापेक्षा एक ठरलेली वाट दर चार आठवड्यांनी त्याच बोलता येईल अशा दमात चाला आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. ती मिनिटं कमी होताना दिसतात.

तीसची पायरी दोन-तीन आठवडे नीट जमली की पुढे वेळ, वेग आणि चढ यांपैकी एका वेळी एकच वाढवा. वेगासाठी तीन मिनिटं झपाझप, तीन मिनिटं सावकाश अशा पाच जोड्यांची पद्धत जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या संशोधकांनी वयस्कर माणसांबरोबर वापरली आहे. अर्ध्या तासात बसते, पण सुरुवातीला दोनच जोड्या करा आणि बाकी वेळ नेहमीसारखं चाला. चढ घेणार असाल तर त्या आठवड्यात एकूण वेळ पाच मिनिटांनी कमी करा. उतरताना आणखी जपा: चढताना दम लागतो म्हणून आपण थांबतो, उतरताना दम लागत नाही पण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे दुखतं ते तिथलं असतं. उतारावर पावलं आणखी आखूड करा, गुडघे थोडे सैल ठेवा, आणि वाट फार तीव्र असेल तर तिरपं उतरा.